घरातल्या ऑर्किडला दमट हवा कशी द्यावी : कोल्हापुरात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

रत्नागिरीला माझ्या आत्याच्या अंगणातल्या आंब्याला काथ्याने बांधलेले डेंड्रोबियम ऑर्किड कोणीही फारसे लक्ष न देता दर वर्षी फुलते. त्याच झाडाचे एक पिल्लू मी कोल्हापूरला आणले, नागाळा पार्कातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी टांगले आणि सकाळ-संध्याकाळ नेमाने फवारा मारूनही मार्चअखेर त्याची सुतळी झालेली पाहिली. आत्याला फोन केला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अगं, तू पाणी देतेस, पण तुमच्या घाटावरच्या हवेत ओल आहे कुठे?" पाणी देणे आणि हवेत ओल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतरच्या चुकांमधून जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडले आहे. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, कॅटलिया आणि ऑन्सिडियम ही रोपवाटिकेत सहज मिळणारी ऑर्किडे डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. व्हँडाला बहुधा मातीविना, उघड्या मुळांनी टांगतात आणि त्याला ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते, त्यामुळे पहिल्याच वर्षी व्हँडाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लागणारे साहित्य

- तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मापक
- मीठ, बाटलीचे झाकण आणि घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी
- लोखंडी किंवा जाळीच्या फळ्यांचे रॅक आणि पारदर्शक प्लास्टिकचा जाड कागद
- पसरट परात किंवा मातीचे मोठे परळ, आणि तीन-चार भाजक्या विटा
- लहान टेबलपंखा
- पावसाचे किंवा आरओचे पाणी साठवण्यासाठी झाकणाचा डबा
- ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत पाण्याचे धुके सोडणारे यंत्र (सुरुवातीला नसला तरी चालेल)

मातीचे परळ शाहूपुरीतल्या किंवा गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत विचारावे. उन्हाळ्यात माठांबरोबर ते मिळून जाते. मात्र आतून रंग किंवा चकाकी दिलेले घेऊ नये, कारण पाणी झिरपून बाहेरच्या अंगाने उडणे हाच तर त्याचा उपयोग आहे.

१. आधी हवा मोजा

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी मापक घ्यावा, कारण आपल्या कातडीला हवेतला दमटपणा नीट कळत नाही. घाम आला म्हणजे हवा दमट आहे, असे आपण समजतो. मापक झाडाच्या पानांच्या उंचीवर, सावलीत आणि भिंतीपासून थोडा दूर ठेवावा आणि निदान आठवडाभर सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा या वेळांचे आकडे वहीत लिहावेत.

स्वस्त मापक पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो, म्हणून तो आधी घरीच तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात मीठ भरून त्यावर ओल्या वाळूसारखे होईल इतपतच, म्हणजे काही थेंब पाणी टाकावे. मीठ विरघळता कामा नये. हे झाकण आणि मापक एकमेकांना न चिकटता पिशवीत ठेवून पिशवी घट्ट बंद करावी आणि आठ ते दहा तास तिला हात लावू नये. ओल्या मिठाच्या वरची कोंडलेली हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते, त्यामुळे मापकाने तेवढाच आकडा दाखवला पाहिजे. माझा मापक ६८ दाखवत होता. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक आकड्यात मी सात मिळवते, आणि विसरू नये म्हणून त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून तसे लिहूनही ठेवले आहे.

२. आकड्याचा अर्थ समजून घ्या

मापकावर दिसते ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ सामावू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात किती वाफ आहे याची टक्केवारी. एक घनमीटर हवा २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम वाफ सामावते, तर ३५ अंशांना सुमारे ४० ग्रॅम. त्यामुळे मार्चमधल्या एखाद्या सकाळी २० अंशांना मापक ७० टक्के दाखवत असेल आणि तीच हवा दुपारी ३५ अंशांपर्यंत तापली, तर वाफेचा एक कणही कमी न होता आकडा ३० टक्क्यांच्या आसपास येतो. सकाळचा आकडा पाहून निर्धास्त होणाऱ्यांची फसगत होते ती येथेच. आपल्याकडे फेब्रुवारीपासून वळीव पडेपर्यंत खरी परीक्षा दुपारी बारा ते पाच या वेळेत असते, आणि पश्चिमेची खिडकी असेल तर ती आणखी लांबते.

वर सांगितलेल्या बहुतेक ऑर्किडांना ५० ते ७० टक्के आर्द्रता मानवते, ऑन्सिडियम थोड्या कमीतही भागवून घेते. दुपारी दोन-तीन तास आकडा ४० वर आला म्हणून झाड मरत नाही. आकडा दिवसभर पस्तिशीच्या खाली राहू लागला, तर मात्र हालचाल करावी. खोली थंड ठेवली की आकडा आपोआप वर चढतो, हेही यातूनच कळते. दुपारी पडदा ओढून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो मला दोन वर्षे सुचला नव्हता.

३. दोष हवेचा की मुळांचा, ते आधी ठरवा

नवख्यांकडून सर्वांत जास्त झाडे दगावतात ती या पायरीवर. पाने लोंबली, सुरकुतली की "हवा कोरडी आहे" असे म्हणून पाणी आणि फवारे वाढवले जातात. प्रत्यक्षात अनेकदा जास्त पाण्यामुळे मुळे आधीच कुजलेली असतात, आणि मुळेच नसलेले झाड पाण्यात उभे राहूनही तहानलेलेच राहते.

म्हणून झाड हलक्या हाताने कुंडीतून काढून मुळे पाहावीत. ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. ते कोरडे असताना रुपेरी-पांढरे दिसते आणि पाणी पडताच काही क्षणांत हिरवे होते. निरोगी मूळ बोटाला टणक लागते. कुजलेले मूळ तपकिरी आणि पोकळ असते, चिमटीत धरून ओढले तर साल निघून हातात येते आणि मागे नुसता दोरा उरतो. अशी मुळे निर्जंतुक केलेल्या कात्रीने कापून झाड कोरड्या, नव्या माध्यमात (मातीऐवजी वापरतात त्या सालीच्या किंवा कोळशाच्या तुकड्यांत) लावावे लागते. तेथे परात, कूलर वगैरे उपाय नंतरचे.

मुळे टणक असूनही पानांची टोके वाळत असतील, हवेत लोंबणाऱ्या मुळांची हिरवी टोके वाढायची थांबून सुकली असतील किंवा ऑन्सिडियमचे नवे पान लुगड्याच्या निऱ्यांसारखे घड्या पडून बाहेर येत असेल, तर हवा कोरडी आहे असे समजायला हरकत नाही. पानाखाली बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके दिसले तर ती लाल कोळी नावाची कीड असते, आणि तिला कोरडी, उष्ण हवाच हवी असते.

कळ्या पिवळ्या पडून गळणे हेही कोरड्या हवेचे लक्षण आहे खरे, पण मे महिन्यात आणखी एक कारण तपासावे. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्यानेही ऑर्किडच्या कळ्या गळतात. एका वर्षी माझ्या फॅलेनॉप्सिसच्या नऊपैकी सात कळ्या चार दिवसांत गेल्या आणि मी हवेला दोष देत बसले होते. त्याच खोलीत पलंगाखाली हापूसची अढी घातली होती, हे सासूबाईंनी लक्षात आणून दिले.

४. खोली नव्हे, एक कोपरा दमट करा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. तापमान ३० अंश असताना तिची आर्द्रता ३० वरून ५५ टक्क्यांवर न्यायची तर सुमारे पाव लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. एवढ्याने भागले असते तर प्रश्नच नव्हता, परंतु खिडक्या-दारांच्या फटींतून ती हवा सतत बाहेर जाते आणि बाहेरची कोरडी हवा आत येते, त्यामुळे दर काही वेळाने तेवढेच पाणी पुन्हा उडवावे लागते. याउलट तीन फूट रुंद, दीड फूट खोल आणि चार फूट उंच रॅकमध्ये जेमतेम अर्धा घनमीटर हवा असते. तिला लागणारी वाफ चार ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर पाण्याहूनही कमी.

रॅक शक्यतो पूर्वेच्या खिडकीशी ठेवावे. त्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिक लावावे. समोर पडद्यासारखा सुटा तुकडा सोडावा आणि वर-खाली चार-चार बोटे जागा मोकळी ठेवावी. सर्वांत खालच्या फळीवर पाण्याची परात ठेवून तिच्यात भाजक्या विटा उभ्या कराव्यात. कोरडी वीट पाण्यात टाकली की तिच्यातून बुडबुडे येऊ लागतात. ते थांबेपर्यंत ती आधी बादलीत भिजवावी आणि मग परातीत ठेवावी, म्हणजे ती तळाचे पाणी सतत वर ओढत राहते आणि चारी अंगांनी उडवते. नुसत्या पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा ओल्या विटेचा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो. वरच्या फळ्या जाळीच्याच असाव्यात. माझ्याकडे आधी लाकडी फळ्या होत्या आणि वाफ खालीच अडून राहत असे. कुंड्या एकमेकींजवळ, परंतु पानाला पान न घासता ठेवाव्यात, कारण झाडेही पानांतून वाफ सोडत असतात आणि एकट्या झाडापेक्षा पाच-सहा झाडांचा संसार बरा चालतो.

येथे एक धोका आहे. प्लास्टिकने वेढलेल्या रॅकवर दुपारचे थेट ऊन आले, तर आतले तापमान भराभर चढते आणि पाने भाजतात. पश्चिमेची खिडकी सोडून दुसरी नसेल, तर रॅक खिडकीपासून दूर ठेवून मध्ये पांढरा पातळ पडदा लावावा.

५. इतर उपायांचा खरा उपयोग किती, ते ओळखा

फवारा : रोप विकणारा बहुधा "रोज फवारा मारा" एवढेच सांगतो. फवाऱ्याने वाढलेला दमटपणा काही मिनिटांत ओसरतो. त्याने मुळे ओली होतात, पाने धुऊन निघतात, एवढाच त्याचा लाभ. फॅलेनॉप्सिसच्या मधोमध, जेथून नवे पान येते त्या पेचात पाणी साचून रात्रभर राहिले, तर तो कोंब कुजतो आणि त्या जागी पुन्हा पान येत नाही. फवारायचेच असेल तर सकाळी नऊच्या आत फवारावे आणि पेचात राहिलेले पाणी टिश्यूच्या टोकाने टिपून घ्यावे.

गोट्यांची परात : कुंडीखाली गोटे आणि पाणी भरलेली ताटली ठेवण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. उघड्या खोलीत तिचा परिणाम वीतभर उंचीपर्यंत, तोही दोन-चार टक्क्यांचा. कुंडीचा तळ पाण्याला टेकला तर मुळे कुजतात ते वेगळेच. रॅकच्या बंदिस्त जागेत मात्र ती कामाला येते.

कूलर : वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या पडद्यांचा साधा कूलर उन्हाळ्यात खोली थंडही करतो आणि दमटही, त्यामुळे घरात तो असेल तर त्याचा लाभ झाडांनाही मिळू द्यावा. त्याचा झोत थेट झाडांवर मात्र घेऊ नये.

एसी : एसी हवेतले पाणी काढून घेतो. फॅलेनॉप्सिसची पाने रंध्रे, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रे, उघडतात ती मुख्यतः रात्री, आणि निसर्गात रात्री हवा दमट असल्याने त्याला ते परवडते. रात्रभर एसी चालणाऱ्या झोपायच्या खोलीत ते ठेवणे म्हणजे ज्या वेळी त्याला ओल हवी, नेमकी त्याच वेळी ती काढून घेणे.

न्हाणीघर : अंघोळीनंतरचा अर्धा तास सोडला तर तेथे विशेष दमटपणा नसतो, आणि उजेड तर नसतोच.

ह्युमिडिफायर : रॅक करूनही दुपारी आकडा ४० च्या वर येत नसेल तरच घ्यावा. तो सकाळी दहा ते चार चालवणे पुरेसे असते, त्यासाठी प्लगला लावायचा टायमर मिळतो. धुक्याचा झोत पानांवर न सोडता रॅकच्या मोकळ्या कोपऱ्याकडे सोडावा आणि टाकी तीन-चार दिवसांनी घासून धुवावी, नाहीतर तिच्यात बुळबुळीत थर जमतो.

६. पाणी कोणते वापरावे

ध्वनिलहरींवर चालणारा ह्युमिडिफायर पाण्यातले क्षारही धुक्याबरोबर हवेत फेकतो. आमच्या इमारतीचे बोअरचे पाणी वापरले तेव्हा आठ दिवसांत पानांवर, खिडकीच्या काचेवर आणि टीव्हीवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी पूड बसली. त्यात पावसाचे किंवा आरओचेच पाणी घालावे. परातीला कोणतेही पाणी चालते, विटांवर पांढरे पोपडे दिसू लागले की त्या घासून घ्याव्यात.

परात आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करून मगच भरावी. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य विभाग "कोरडा दिवस" पाळायला सांगतो तो याचसाठी.

७. वारा हवाच

दमट आणि कोंडलेली हवा म्हणजे बुरशीला आमंत्रण. टेबलपंखा सर्वांत कमी वेगावर, तोंड झाडांकडे नव्हे तर भिंतीकडे करून लावावा. पाने किंचित हलत राहिली की वारा पुरेसा आहे, असे समजावे.

८. मृग लागला की सगळे उलटे करा

वरचे सारे उपाय जूनच्या मध्यापर्यंतचे आहेत. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, आणि मापक दिवस-रात्र ८५ च्या वर असतो. अशा हवेत परात आणि प्लास्टिक तसेच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, पहिल्या वर्षी मीही त्यांतलीच होते आणि त्या एका पावसाळ्यात तीन झाडे काळी पडून गेली. पाऊस नियमित सुरू झाला की प्लास्टिक काढावे, परात पालथी करावी, ह्युमिडिफायर बंद करावा आणि पंखा चोवीस तास चालू ठेवावा.

पाणी देणेही कमी करावे, आणि किती कमी, याचा धडा मला ऑगस्ट २०१९ च्या महापुराने दिला. त्या दिवसांत नळाला पाणी नव्हते, वीज नव्हती, प्यायला मिळालेले पाणी आम्ही मोजून वापरत होतो आणि झाडांना थेंबही मिळाला नाही. सुमारे आठ दिवसांनी पाहिले तर एकही पान लोंबले नव्हते, एका फॅलेनॉप्सिसने तर नवे मूळ काढले होते. तेव्हापासून पावसाळ्यात कुंडीत खुपसलेली लाकडी काडी कोरडी निघाल्याशिवाय आणि मुळे रुपेरी दिसल्याशिवाय मी पाणी देत नाही.

पानावर पाणी भरल्यासारखा काळा-तपकिरी डाग दिसला आणि तो पसरू लागला, तर वाट न पाहता डागाच्या पलीकडचा निरोगी भाग थोडा घेऊन पान कापावे, प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसावे आणि जखमेवर दालचिनीची पूड लावावी. ही पूड मुळांना लागू देऊ नये, ती त्यांना सुकवते. फुलांवर बारीक करडे ठिपके आले तर तीही बुरशीच असते. ती फुले काढून टाकावीत आणि पंख्याची दिशा पाहावी.

पावसाळी सहलींबद्दलही एक सूचना. आंबा घाटात किंवा गगनबावड्याकडे झाडांवर सीतेच्या वेणीसारखी ऑर्किडे लगडलेली दिसतात आणि "एक फांदी नेली तर काय होते" असे वाटते. राधानगरीसारख्या अभयारण्यातून वनस्पती तोडून आणणे हा गुन्हा आहे. शिवाय धुक्यात वाढलेले ते झाड शहरातल्या मार्चमध्ये टिकत नाही. रोपवाटिकेत वाढवलेलेच रोप घ्यावे, आणि तेही जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात, म्हणजे कोरडी हवा लागेपर्यंत ते घराला रुळलेले असते. भर एप्रिलमध्ये बाहेरगावाहून खोक्यात बंद करून मागवलेले रोप मला दोनदा अर्धमेले मिळाले.

९. पुन्हा प्लास्टिक कधी लावावे

दसऱ्याच्या सुमारास ऊन तापते, आकडा झपाट्याने उतरतो, मध्येच परतीचा पाऊस येऊन तो पुन्हा वर नेतो. त्यामुळे एका कोरड्या दुपारीच घाई करू नये. सलग पाच दिवस दुपारी तीनचा आकडा ४५ च्या खाली राहिला, तर आधी परात भरावी, आणखी आठ दिवसांनी बाजूचे प्लास्टिक लावावे आणि समोरचा पडदा सर्वांत शेवटी, बहुधा जानेवारीत सोडावा. प्लास्टिक माळ्यावर टाकू नये. मी ते गुंडाळून रॅकच्या मागेच उभे ठेवते, कारण ज्या वर्षी ते माळ्यावर गेले होते त्या वर्षी ते काढायला शिडी आणेपर्यंत फेब्रुवारी संपला होता.